संकेतस्थळांवरील दुव्यांचे विसंगत वर्तन : अड्याळ या ग्रामनामाच्या आधारे एक विवेचन

१. विषयाचे स्वरूप

वाचन करीत असता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची सोय मुद्रित ग्रंथांच्या वाचकाला पूर्वीपासून उपलब्ध आहे. तळटीप, परिशिष्ट, सूची आणि ‘पहा’ ही सूचना ही त्या सोयीची परिचित साधने होत. मराठी विश्वकोशात नोंदीच्या ओघात बाणाची खूण करून संबंधित नोंदीचे नाव दिलेले असते आणि नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ या शब्दाखाली अन्य नोंदी सुचविलेल्या असतात. कोणताही खंड हाती घेतला तरी या खुणेचा अर्थ पालटत नाही. वाचकाने ती एकदा समजून घेतली की पुढील सर्व वाचनात तिच्याविषयी त्याला वेगळा विचार करावा लागत नाही.

संकेतस्थळावरील दुवा हा या ‘पहा’ सूचनेचाच वंशज होय. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. मुद्रित ग्रंथात खूण पाहिल्यावर दुसरा खंड काढणे, पान शोधणे आणि पहिल्या पानात बोट ठेवून परत येणे ही सर्व कृती वाचक स्वतः करतो. आपण कोठून निघालो आणि कोठे पोहोचलो याचे भान त्यामुळे त्याला आपोआप राहते. संकेतस्थळावर ही कृती यंत्र करते. वाचक केवळ संमती देतो, आणि ती संमतीही पुढे काय होणार आहे हे प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी द्यावी लागते. म्हणून दुव्याची शब्दरचना, त्याचे रूप आणि त्याचे वर्तन यांवरून जे अनुमान निघते, तेवढाच त्याच्या संमतीचा आधार असतो. एकच खूण निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे फळ देऊ लागली, तर हा आधार नाहीसा होतो.

दुव्यांच्या विसंगतीचा प्रश्न सौंदर्यदृष्टीचा किंवा आवडीनिवडीचा मानण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार वेगळ्या अंगाने केला आहे. विसंगतीचा भार सर्व वाचकांवर सारखा पडत नाही. ज्याच्यापाशी पडताळून पाहण्याची साधने सर्वांत कमी, त्याच्यावर तो सर्वांत अधिक पडतो. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातील अड्याळ हे गाव आणि त्याचे नाव यांच्या आधारे हे स्पष्ट करता येईल.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात जाणाऱ्या वाटा यंत्राच्या साहाय्याने बांधाव्यात ही कल्पना १९४५ साली व्हॅनेव्हर बुश यांनी ‘द अटलांटिक’ मासिकातील लेखात मांडली. १९६५ साली टेड नेल्सन यांनी अशा मजकुरास ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसच्या साहाय्याने असे दुवे प्रत्यक्ष चालवून दाखविले. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जो प्रस्ताव सादर केला, त्यातून आजच्या वेबचा उदय झाला.

प्रारंभीच्या वेबवर दुव्याचे रूप आणि वर्तन ठरविण्याचा अधिकार बहुतांशी ब्राउझरकडे होता. १९९३ च्या मोझेक या ब्राउझरने दुव्याचा निळा रंग आणि अधोरेषा रूढ केली. पाहून झालेला दुवा वेगळ्या रंगात दिसे, आणि दुवा दाबला की त्याच खिडकीत जुन्या पानाच्या जागी नवे पान येई. लेखक कोणीही असो, वाचकाला खूण एकच दिसत असे.

ही स्थिती अल्पकाळ टिकली. नेटस्केप ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने १९९६ साली खिडकीचे चौकटींत विभाजन करण्याची सोय आणली आणि दुवा कोणत्या चौकटीत अथवा कोणत्या खिडकीत उघडावा हे ठरविण्याचा अधिकार लेखकाच्या हाती दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शैलीपत्रकांची पहिली संहिता प्रसिद्ध झाली, आणि दुव्याचा रंग व अधोरेषा हवी तशी बदलण्याची मोकळीक तिने दिली. रूप आणि वर्तन असे दुव्याचे दोन्ही पैलू अशा रीतीने एकाच सुमारास ब्राउझरकडून लेखकाकडे गेले. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीच्या काटेकोर रूपात नवी खिडकी उघडण्याची आज्ञा वगळण्यात आली होती. परंतु व्यवहारात ती चालूच राहिली आणि २०१४ साली मान्य झालेल्या पाचव्या आवृत्तीत तिला पुन्हा अधिकृत स्थान मिळाले.

हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे विसंगतीचे मूळ केवळ रचनाकाराच्या निष्काळजीपणात नाही हे दिसून येते. जो निर्णय पूर्वी एका ठिकाणी होत असे तो असंख्य ठिकाणी होऊ लागला, आणि त्या निर्णयांत मेळ राखणारी कोणतीही यंत्रणा त्याबरोबर निर्माण झाली नाही.

३. विसंगतीचे चार प्रकार

विवेचनाच्या सोयीसाठी दुव्यांच्या विसंगतीचे रूपाची, क्रियेची, गंतव्याची आणि कालाची असे चार प्रकार करता येतात.

रूपाची विसंगती सर्वांत सहज दिसते. एका पानावर दुवे निळे, दुसऱ्यावर हिरवे, तिसऱ्यावर साध्या मजकुरासारखेच काळे. कोठे अधोरेषित मजकूर दुवा असतो, तर कोठे केवळ भर देण्यासाठी अधोरेषा ओढलेली असते. याचा परिणाम दुहेरी होतो. जे दाबता येते ते वाचक दाबीत नाही, आणि जे दाबता येत नाही त्यावर तो पुनःपुन्हा बोट ठेवतो. पाहून झालेल्या दुव्याचा वेगळा रंग काढून टाकल्यास आणखी एक हानी होते. आपण कोठे जाऊन आलो याची नोंद वाचकापासून हिरावली जाते आणि तो त्याच पानाकडे परत परत जातो.

क्रियेची विसंगती अधिक गंभीर आहे. सारख्याच दिसणाऱ्या दोन दुव्यांपैकी एक त्याच खिडकीत पान उघडतो, तर दुसरा नवी खिडकी उघडतो. तिसरा पीडीएफ धारिका उतरवून घेतो आणि चौथा थेट दूरध्वनी लावतो. नव्या खिडकीत मागे जाण्याचे बटण निष्फळ ठरते, कारण त्या खिडकीला मागील इतिहासच नसतो. लहान पडद्याच्या मोबाइलवर जुनी खिडकी झाकली जाते आणि आपण नव्या खिडकीत आलो आहोत हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. उपयुक्ततेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९९ साली वेबरचनेतील नव्या चुकांची जी यादी केली, तिच्यात मागे जाण्याचे बटण निकामी करणे आणि नव्या खिडक्या उघडणे या दोन चुका प्रारंभीच दिल्या होत्या.

गंतव्याची विसंगती दोन दिशांनी संभवते. एकाच शब्दाचे दुवे निरनिराळ्या स्थळी नेतात, किंवा निरनिराळ्या शब्दांचे दुवे एकाच स्थळी नेतात. ‘अधिक माहिती’, ‘येथे क्लिक करा’ हे शब्द पहिल्या दोषाचे नित्याचे उदाहरण होय. डोळ्यांनी पाहणाऱ्या वाचकास सभोवतालच्या मजकुरावरून काही अंदाज करता येतो. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या साहाय्याने पुष्कळदा पानावरील दुव्यांची केवळ यादी ऐकतो. त्या यादीत ‘येथे क्लिक करा’ हे शब्द बारा वेळा आले, तर ती ऐकूनही त्याला काहीच कळत नाही.

चौथा प्रकार कालाचा. दुवा आज जेथे नेतो तेथे उद्या नेईलच असे नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नसल्याचे आढळले. पान नाहीसे झाल्यावर तशी स्पष्ट सूचना मिळणे हे त्यातल्या त्यात बरे. पुष्कळ संकेतस्थळे अशा वेळी वाचकाला मुकाट्याने मुखपृष्ठावर आणून सोडतात. दुवा चालला असे यंत्राला वाटते, आणि आपणच काही चुकीचे दाबले असे वाचकाला. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, हे बर्नर्स-ली यांनी १९९८ साली एका टिपणात आग्रहाने मांडले होते. कार्यालयाची पुनर्रचना झाली की संकेतस्थळाचीही रचना बदलावी या समजुतीतून बहुतेक दुवे मोडतात.

४. अड्याळ : एक नाम, अनेक गंतव्ये

उपरिनिर्दिष्ट प्रकार एका ग्रामनामाच्या संदर्भात कसे एकत्र येतात ते आता पाहावयाचे आहे.

अड्याळ हे नाव विदर्भात एकाच स्थळाचे नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात अड्याळ हे गाव आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यात अड्याळ टेकडी हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या विचारपरंपरेशी निगडित असलेले प्रसिद्ध स्थान आहे. दोन्ही स्थळे झाडीपट्टीतलीच. केवळ ‘अड्याळ’ असा दुवा दिसला, तर तो शेतीच्या अभिलेखाकडे नेईल की टेकडीच्या माहितीकडे, हे शब्दावरून सांगता येणार नाही. तालुक्याचे नाव जोडल्यानेही संदिग्धता सर्वस्वी नाहीशी होत नाही, कारण पवनी या नावाचे दुसरे गाव नागपूर जिल्ह्यातील रामटेक तालुक्यात आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी तेथील बौद्ध स्तूपाच्या १९६९–७० मधील उत्खननामुळे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्या उत्खननाचा शोध घेणारा विद्यार्थी आणि व्याघ्रप्रकल्पालगतच्या पवनीची वाट शोधणारा प्रवासी एकाच शब्दाने शोध सुरू करतात.

कालाची विसंगतीही येथे दिसून येते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत आणि त्यांच्या आधारे सिद्ध झालेल्या सूच्यांत ‘जिल्हा भंडारा’ या शब्दांचा अर्थ आजच्याहून अधिक व्यापक आहे. जुन्या सूचीवर नवा दुवा जोडताना हा भेद दुर्लक्षिला गेला, तर दुवा यांत्रिक दृष्ट्या अचूक असूनही वाचकास चुकीच्या जिल्ह्यात पोहोचवितो.

याखेरीज लिपीचा प्रश्न आहे, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा आहे. रोमन लिपीतील पत्ता वाचून दुवा कोठे जाईल याचा थोडाफार अंदाज इंग्रजी जाणणाऱ्यास करता येतो. मराठी अक्षरे असलेला पत्ता एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे पाठविला की पुष्कळदा त्याचे रूप सांकेतिक होते. ‘अड्याळ’ हा शब्द युनिकोडच्या दृष्टीने अ, ड, हलन्तचिन्ह, य, काना आणि ळ अशा सहा घटकांचा आहे. प्रत्येक घटकास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण अठरा. आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरांक अशा तीन चिन्हांनी लिहिला जात असल्यामुळे एवढ्याशा नावाची चोपन्न चिन्हे होतात. मराठी वाचकासमोर ती निरर्थक माळ येते. पत्ता पाहून खात्री करून घ्या, हा सायबर सुरक्षिततेच्या प्रचारात नेहमी दिला जाणारा उपदेश त्याच्या उपयोगी पडत नाही.

जोडाक्षरातही एक अडचण दडलेली आहे. ‘ड्य’ लिहिताना काही कळफलकांवरून हलन्तचिन्हानंतर जोडाक्षर रोखणारे एक अदृश्य चिन्ह उमटू शकते. वाचकाच्या नजरेस दोन्ही नावे जवळजवळ सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न नावे, आणि म्हणून दोन भिन्न पत्ते होत. एक पत्ता पानाकडे नेतो, दुसरा ‘पान आढळले नाही’ या सूचनेकडे. ‘अड्याळ’ऐवजी ‘अड्याल’ लिहिले गेल्यास तोच प्रकार घडतो. चूक डोळ्यांना दिसतच नसेल, तर ती दुरुस्त करण्याची अपेक्षा वाचकाकडून करणे अन्यायाचे होय.

५. सातबाऱ्याचे उदाहरण

अड्याळ परिसर धानशेतीचा. पीककर्ज, धानविक्रीची नोंदणी, वारसनोंद अशा अनेक कामांसाठी तेथील शेतकऱ्यास सातबारा उतारा लागतो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेखाचा आणि गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदवहीचा. दोहोंच्या एकत्र उताऱ्यास सातबारा हे नाव रूढ आहे. गाव नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या त्या गावातील सर्व जमिनींची नोंद असते.

राज्याच्या महसूल यंत्रणेने हे अभिलेख संगणकावर उपलब्ध करून दिले ही मोठी सोय होय. महाभूलेखावर अड्याळच्या अभिलेखापर्यंत पोहोचण्याचा क्रम नागपूर विभाग, भंडारा जिल्हा, पवनी तालुका आणि मग गाव असा आहे. या क्रमाचा एक गुण असा की, नावाची संदिग्धता तो पायरीपायरीने दूर करतो. शेवटी येणाऱ्या ‘अड्याळ’ या शब्दाचा अर्थ आधीच्या निवडींनी निश्चित झालेला असतो.

परंतु ‘सातबारा’ या शब्दाखाली दोन भिन्न वस्तू येतात. विनामूल्य पाहावयास मिळणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. कायदेशीर कामासाठी तो ग्राह्य धरला जात नाही. २०१८ पासून उपलब्ध झालेला अंकीय स्वाक्षरीचा उतारा शुल्क भरून मिळतो आणि तो कार्यालयीन कामी चालतो. दोहोंची मांडणी सारखी, नाव सारखे. भेद स्वाक्षरीचा आणि विधिमान्यतेचा. समजा, एखाद्या तिसऱ्याच पानावर केवळ ‘सातबारा’ एवढाच दुवा दिलेला आहे. तो यांपैकी कोठे नेतो हे दाबल्याशिवाय कळणार नाही, आणि ज्यास हा भेदच ठाऊक नाही त्यास दाबल्यानंतरही कळणार नाही. माहितीपुरता उतारा छापून घेऊन शेतकरी बँकेत जाईल, आणि हा कागद चालत नाही हे त्याला तेथील खिडकीशी उमगेल. एसटीचे भाडे, एक दिवसाची मजुरी आणि कदाचित अर्जाची अखेरची तारीख ही त्या एका शब्दाची किंमत होय.

याच्या उलट दोषही येथे संभवतो. ‘७/१२’, ‘सातबारा’, ‘अधिकार अभिलेख’, ‘भूमी अभिलेख’ असे निरनिराळे शब्द एकाच पानाकडे नेणारे असतील, तर या चार निरनिराळ्या सेवा आहेत असा वाचकाचा समज होतो आणि तो चारही वाटा चालून पाहतो. पुन्हा ‘७/१२’ देवनागरी अंकांत आणि रोमन अंकांत असे दोन प्रकारे लिहिले जाते, त्यामुळे शोधाचे फळही बदलू शकते.

ग्रामीण भागात हे काम पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून होते हेही विसरता येत नाही. आपले सरकार सेवा केंद्राचा चालक, शाळेत शिकणारा मुलगा किंवा शेजारी यांच्या मोबाइलवर तो उतारा काढला जातो. ज्याचे काम आहे त्याला पडदा दिसत नाही, आणि ज्याला पडदा दिसतो त्याला कामाचा हेतू पुरता ठाऊक नसतो. अशा दुहेरी व्यवहारात दुव्याचे शब्द हेच दोघांमधील संभाषणाचे माध्यम बनतात. ‘सातबारा : स्वाक्षरीची प्रत, शुल्क लागेल’ असे शब्द असतील, तर चालक ते मोठ्याने वाचतो आणि शेतकरी हो किंवा नाही म्हणू शकतो. ‘येथे क्लिक करा’ हे शब्द वाचून दाखविण्यासारखे नसतात.

६. नियम आणि त्यांची मर्यादा

या प्रश्नाकडे नियमकर्त्यांचे लक्ष गेलेले नाही असे नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ११ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या निकषांत दुव्याचा हेतू त्याच्या शब्दांवरून किंवा संदर्भावरून कळावा, अर्थभेद केवळ रंगाने दर्शवू नये, आणि समान कार्य करणारे घटक सर्वत्र समान रीतीने ओळखता यावेत, असे निकष आहेत. वाचकाच्या इच्छेविना संदर्भ बदलू नये हा निकषही आहे. मात्र तो सर्वोच्च श्रेणीत असल्याने व्यवहारात क्वचितच पाळला जातो. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आणि २०१८ व २०२३ साली ती सुधारण्यात आली. बाह्य संकेतस्थळाकडे जाणाऱ्या दुव्याची वाचकास पूर्वसूचना मिळावी ही अपेक्षा त्यांत आहे.

न्यायालयीन निर्णयांनी या तत्त्वांना अधिक बळ दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या नियमांतील पंधरावा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि केवळ मार्गदर्शक नव्हे तर बंधनकारक मानके करण्याचा निर्देश दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानण्यात आला.

तथापि, एक उणीव राहतेच. समान ओळखीचा निकष एका संकेतस्थळातील पानांच्या संचापुरता लागू होतो. अड्याळच्या शेतकऱ्याचे काम मात्र एका संकेतस्थळात संपत नाही. अभिलेख एका ठिकाणी, शुल्काचा भरणा दुसऱ्या ठिकाणी, योजनेचा अर्ज तिसऱ्या ठिकाणी आणि बँक चौथ्या ठिकाणी असते. प्रत्येक संकेतस्थळ स्वतःपुरते सुसंगत असूनही त्या सर्वांतून जाणाऱ्या वाचकाचा अनुभव विसंगत ठरू शकतो. वाचक आपला बहुतेक वेळ अन्य संकेतस्थळांवर घालवितो आणि तेथील सवयी घेऊन येतो, हे नीलसन यांचे निरीक्षण येथे लागू पडते. कार्यालयांच्या सीमा कार्यालयांना दिसतात. वाचकाला दिसते ते एकच अखंड काम.

७. विरुद्ध पक्ष

नव्या खिडकीचा सरसकट निषेध करणे मात्र युक्त होणार नाही. लांब अर्ज भरत असताना मधेच नियमावली पाहावयाची असेल आणि ती त्याच खिडकीत उघडली, तर भरलेला मजकूर नष्ट होण्याचा धोका असतो. अशा प्रसंगी नवी खिडकी वाचकाच्या हिताची असते. ब्रिटिश सरकारच्या रचनासंहितेने या बाबतीत मध्यममार्ग स्वीकारला आहे. सामान्यतः दुवा त्याच खिडकीत उघडावा. नवी खिडकी आवश्यकच असेल, तर तसे दुव्याच्या शब्दांतच सांगावे.

पाहून झालेल्या दुव्यांच्या रंगाबाबतही दुसरी बाजू आहे. वाचक कोणत्या पानांवर जाऊन आला हे त्या रंगावरून अन्य संकेतस्थळांना गुप्तपणे शोधून काढता येत असे. म्हणून २०१० च्या सुमारास मोझिला आणि पाठोपाठ अन्य ब्राउझरांनी या सोयीवर मर्यादा घातल्या. सुसंगतीचे मूल्य निरपेक्ष नाही. खासगीपणासारख्या दुसऱ्या मूल्याशी तिचा मेळ घालावा लागतो. मात्र रंग बदलण्याची मूळ सोय त्यानंतरही कायम आहे, आणि ती न वापरण्यास खासगीपणाचे कारण देता येत नाही.

८. उपायांची दिशा

विसंगतीचे मूळ विखुरलेल्या निर्णयांत असेल, तर उपायही निर्णयाचे स्थान बदलण्यातच शोधला पाहिजे. विकिपीडियाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर असंख्य लेखक लिहितात, तरी दुव्यांचे वर्तन सर्वत्र सारखे असते. लेखक केवळ चौकटी कंसांत नाव लिहितो. पान असल्यास दुवा निळा दिसावा, नसल्यास तांबडा, आणि बाहेर जाणारा असल्यास त्यास बाणाची खूण लागावी, हे आज्ञावली ठरविते. एका नावाची अनेक स्थळे असतील तर नि:संदिग्धीकरणाचे पान करण्याची पद्धत आहे. लेखकांकडे मजकुराचे स्वातंत्र्य राहते आणि खुणेचा अर्थ मात्र सर्वांचा समाईक राहतो.

नावांच्या संदिग्धतेवरील उपाय प्रशासनाने अंशतः योजिलेला आहे. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे, आणि २०२० साली सातबाऱ्याच्या नमुन्यात जे बदल मंजूर झाले त्यांत गावाच्या नावाशेजारी हा संकेतांक दर्शविण्याची तरतूद आहे. दुव्याच्या पत्त्यात ग्रामनामाऐवजी हा संकेतांक वापरला, तर शुद्धलेखनातील भेद, अदृश्य चिन्हे आणि जिल्ह्यांची विभाजने यांपैकी कशानेही तो मोडणार नाही. वाचकासमोर मात्र ‘अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा’ असे पूर्ण नावच असावे. यंत्रासाठी अंक आणि माणसासाठी नाव अशी ही विभागणी आहे.

या क्षेत्रात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करण्याजोगे काम विपुल आहे. एखादे काम निवडून, त्यासाठी ज्या ज्या संकेतस्थळांतून जावे लागते त्या सर्वांवरील दुव्यांचा तक्ता करावा. दुव्याचे शब्द, त्याचे रूप, दाबल्यावर होणारी क्रिया, गंतव्य आणि ठरावीक काळानंतरची स्थिती असे पाच स्तंभ त्यासाठी पुरेसे आहेत. त्यानंतर तेच काम प्रत्यक्ष वाचकांकडून, त्यांच्याच मोबाइलवर आणि त्यांच्या नेहमीच्या मदतनिसासह करवून घ्यावे. पहिला स्पर्श योग्य दुव्यावर झाला की नाही, किती वेळा मागे यावे लागले आणि काम कोठे सोडून दिले गेले याची नोंद करावी. तक्ता आणि नोंद यांची तुलना केल्यास विसंगतीचा कोणता प्रकार कोणत्या वाचकाला किती अडवितो हे कळेल. दुव्याचे शब्द निवडतानाही लोकांच्या तोंडी रूढ असलेले शब्द आधी टिपून घ्यावेत. ‘अधिकार अभिलेख’ शोधावयास क्वचितच कोणी येईल. ‘सातबारा’ शोधणारे मात्र रोज येतात.

असा अभ्यास मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत करण्यापेक्षा अड्याळसारख्या गावातील सेवा केंद्राच्या बाकावर बसून करणे अधिक फलदायी ठरेल. दुव्याच्या एका शब्दावर कोणाचा दिवस खर्ची पडतो हे तेथे प्रत्यक्ष दिसते, आणि तो शब्द बदलल्यावर काय फरक पडतो हेही तेथेच मोजता येते.